भाडं, सावली, पाय, साल: आपला शब्द एक आणि इंग्रजी नामं अनेक

अजनीकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या अजनी भागात मोठ्या माणसांना संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवतो. दुकानात, दवाखान्यात, गोदामात दिवसभर राबून आलेले लोक असतात. बहुतेकांच्या हातात एक ठरलेली यादी असते: प्रिन्सिपल म्हणजे मुख्याध्यापक आणि प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, डेझर्ट म्हणजे वाळवंट आणि डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड. यादी वाईट नाही. पण बोलताना माणूस अडतो तो भलतीकडेच, आणि त्याबद्दल यादीत एक अक्षर नसतं.

माझं म्हणणं असं आहे की दोन इंग्रजी शब्द सारखे दिसतात म्हणून होणारा गोंधळ थोडा. खरा गोंधळ होतो तो मराठीत त्या जागी एकच शब्द आहे म्हणून. 'भाडं' घ्या. घराचं भाडं, बसचं भाडं, मंडपाचं भाडं, ट्रकचं भाडं. आपलं चारही ठिकाणी भागतं. इंग्रजीत घरा-दुकानाचं भाडं 'रेंट'. बस, मेट्रो, ऑटोत बसलेल्या माणसाचं 'फेअर'. खुर्च्या, मंडप, सायकल थोड्या वेळापुरती घेतली तर 'हायर'. आणि माल पाठवायचा असेल तर 'फ्रेट'. वर्गात 'बस रेंट' आणि 'हाऊस फेअर' ऐकू येतं ते यामुळे. ही माणसं इंग्रजीत कच्ची आहेत असं नाही, ती मराठीत विचार करत आहेत आणि तिथे फरक करायची कधी गरजच पडली नाही.

यावर पाठांतरापेक्षा शब्दाचं कूळ सांगितलेलं जास्त लागू पडतं. 'फेअर' हा 'प्रवास करणे' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आलेला शब्द आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी 'फेअरवेल' होतो, त्यातही तोच आहे: नीट जा, सुखरूप जा. फेअर म्हणजे माणूस जातो त्याचे पैसे. सीताबर्डीहून खापरीला मेट्रोनं गेलात तर फेअर, खापरीत खोली घेऊन राहिलात तर रेंट. अमेरिकेत जाणाऱ्यांनी एवढं आणखी लक्षात ठेवावं की तिकडे गाडीसुद्धा 'रेंट' करतात आणि 'हायर' करतात ते माणसाला, नोकरीवर. ब्रिटिश वळणात गाडी हायर होते.

'सावली' तशीच. मे महिन्यात आपल्याला जी सावली लागते ती 'शेड', 'शॅडो' नव्हे. शेड म्हणजे ऊन न लागणारी जागा, शॅडो म्हणजे भिंतीवर पडलेला आपला काळा आकार. त्यात तिसरी भर आपल्या पत्र्याच्या शेडची. ती इंग्रजीत 'शेड' म्हणताना ए आखूड होतो आणि अक्षरं एस-एच-ई-डी अशी येतात, म्हणजे तो वेगळाच शब्द. देवनागरीत दोन्ही सारखे लिहितो, त्यामुळे कानालाही सारखे वाटू लागतात.

'काम' थोडक्यात सांगतो. 'आय हॅव अ वर्क' हे वाक्य रोज ऐकतो. वर्क मोजता येत नाही, म्हणून त्याच्याआधी 'अ' लागत नाही. मोजता येतो तो जॉब. शोधतो तो जॉब, त्या जॉबवर जाऊन करतो ते वर्क.

विनंती एवढीच की प्रत्येकानं आपापल्या धंद्यातले असे शब्द इथे लिहावेत. शब्दकोशातून उतरवलेले नकोत. रोज जीभ अडखळते ते हवेत.


वाडी नाका

सर, भाड्याचं एकदम बरोबर बोलले. आम्ही वाडीले ट्रान्सपोर्ट लाईनमध्ये आहो. इथं फ्रेटशिवाय पान हालत नाही. बिल्टी, म्हणजे मालाची ट्रान्सपोर्ट पावती, हातात आली का पहिले पाहतो, फ्रेट 'पेड' आहे का 'टू पे'. म्हणजे पाठवणाऱ्यानं भरून टाकलं का माल सोडवणारा भरन.

पण नवीन पोरं अडकते ते कन्साइनर अन् कन्साइनीमध्ये. दोन्ही रकाने जवळजवळ, नावं दिसाले सारखे. पाठवणारा कन्साइनर, घेणारा कन्साइनी. उलटं भरलं का माल रायपूरले जाऊन पडून राहते अन् ड्रायव्हर डिलिव्हरी कोणाले देऊ म्हणून फोन करत बसते. मालासोबतच्या जीएसटीच्या ई-वे बिलावर एक नाव अन् बिल्टीवर दुसरं निघालं तर रस्त्यात गाडी अडकते ते वेगळंच. हे डोक्यात बसवाची काही युक्ती असन तर सांगा.

दुसरं म्हणजे 'गुड्स'. एक नग असला का पोरं 'वन गुड' लिहून राहिले. त्याले काय लिहायचं?


अजनीकर

दादा, तुमच्या पोरांना आधी 'नॉमिनी' आठवायला सांगा. बँकेच्या फॉर्ममुळे तो शब्द घराघरात माहीत आहे. नेमणारे आपण, ज्याला नेमलं तो नॉमिनी. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी दोन ई आले की बहुतेक वेळा तो माणूस घेणाऱ्या बाजूचा असतो, त्याच्यापर्यंत काहीतरी येऊन पोहोचतं. माल येऊन पोहोचतो तो कन्साइनी. चेकचे पैसे येऊन पोहोचतात तो पेयी. नोकरी मिळते तो एम्प्लॉयी. भाडेपट्ट्यानं जागा मिळते तो लेसी, देणारा लेसर.

गहाणखतात मात्र जपून. मॉर्गेजी म्हणजे कर्ज काढणारा असंच पहिल्यांदा वाटतं, कारण कर्ज त्याला मिळालेलं असतं. पण शब्द कर्जाचा नाही, गहाणाचा आहे. घर ज्याच्याकडे गहाण गेलं ती बँक मॉर्गेजी, आणि गहाण ठेवणारे आपण मॉर्गेजर. वर्तमानपत्रातल्या जप्तीच्या नोटिसा आणि घरकर्जाचे कागद वाचताना हे उलटं समजलं तर सगळा मजकूर उलटा लागतो. सही करण्याआधी हे दोन शब्द कोणत्या नावापुढे आहेत ते बघायचंच.

नियमाला अपवाद आहेत. ॲबसेंटी म्हणजे जो स्वतःच गैरहजर असतो तो. पण बिल्टीपुरता नियम पक्का.

गुड्सला व्यवहारात एकवचन नाही. एक नग असेल तर 'वन पॅकेज', 'वन कार्टन', नाहीतर सरळ 'वन आयटम'. प्रवासी बरोबर नेतो ते लगेज, त्यालाही शेवटी एस लागत नाही. जहाजात-विमानात चढवतात तो कार्गो.


मेडिकल चौक

मी नर्स आहे. सध्या ओईटीची तयारी करते आहे, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी इंग्रजीची जी परीक्षा असते ती. तिच्या बोलण्याच्या भागात समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होऊन बोलते आणि आपण नर्स म्हणूनच उत्तर द्यायचं असतं. तिथे शरीराचे शब्द सगळ्यात जास्त अडवतात. वॉर्डात आपण मराठीत सैल बोललो तरी पेशंट बोट ठेवून जागा दाखवतो, म्हणून निभावतं. इंग्रजीत हँडओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सांगताना, पेशंट समोर नसतो, शब्दच असतो.

'पाय सुजला' म्हटलं की लेग की फूट? घोट्याच्या खालचा तो फूट, वरचा लेग. मधुमेहाच्या पेशंटची तळव्याची जखम 'लेग'वर नोंदवली तर पुढचा माणूस पोटरी तपासत बसेल. हाताचं तसंच: मनगटापुढे हँड, वर आर्म. ब्लडप्रेशरचा पट्टा आर्मला बांधतो. 'बोट' म्हणजे हाताचं असेल तर फिंगर, पायाचं असेल तर टो, आणि हाताच्या अंगठ्याला थंब हे वेगळं नाव.

'कंबर दुखते' याचं भाषांतर आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी 'वेस्ट' केलं. वेस्ट हे शिंप्याच्या टेपाचं माप. दुखते ती 'लोअर बॅक'. 'मांडी'चे दोन शब्द आहेत हे तर मला इतक्यातच कळलं. मांडीला इंजेक्शन दिलं तर थाय, बाळाला मांडीवर घेतलं तर लॅप. उठून उभं राहिलं की थाय तिथेच असते, लॅप नाहीशी होते.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'नस'. 'नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा व्हेन. 'मानेत नस दबली' म्हणतो तेव्हा नर्व्ह. आणि काचेनं हात कापून रक्ताची चिळकांडी उडाली, घरचे म्हणतात 'नस कापली', ती बहुतेक आर्टरी. तीन अगदी वेगळ्या गोष्टी, उपचार वेगळे, घाई किती करायची तेही वेगळं. मराठीत शीर, रोहिणी, चेतातंतू हे शब्द पुस्तकात आहेत, पण पेशंटच्या तोंडी नस एकच.

अजून एक. 'सलाईन लावली' म्हणतो आपण. सलाईन म्हणजे बाटलीतलं मिठाचं पाणी. लावतो ती 'ड्रिप'. बाटलीत ग्लुकोज असलं तरी आपण सलाईनच म्हणतो, बाहेरदेशी तसं म्हटलं तर चुकीचं औषध दिलं असा अर्थ होईल.

पोटाचं मला नीट सांगा. स्टमक, ॲब्डोमेन, बेली यात कुठे काय? आणि जखमेला वूंड म्हणायचं की इंजरी?


अजनीकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. नस या शब्दासाठी तर एक पूर्ण तास ठेवला पाहिजे.

पोटाबद्दल: ॲब्डोमेन हा छातीखालचा पोटाचा सगळा भाग, तपासणीच्या आणि नोंदीच्या भाषेतला शब्द. स्टमक काटेकोरपणे जठर, पण पेशंट 'स्टमकएक', म्हणजे पोटदुखी, म्हणतो तेव्हा त्याला सगळं पोट म्हणायचं असतं. म्हणजे पेशंटशी बोलताना स्टमक चालतं, कागदावर लिहिताना ॲब्डोमेन. बेली घरगुती, लहान मुलांशी बोलायचा.

इंजरी म्हणजे इजा, कोणतीही, हाड मोडलं तरी. वूंड म्हणजे त्वचा उघडी पडलेली जखम, जिला ड्रेसिंग करता येतं. मुक्या माराला इंजरी म्हणता येतं, वूंड सहसा म्हणत नाहीत.

तुम्ही लिहिल्याशिवाय राहणार नाही असं वाटलं होतं, पण लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो: 'पेशंट्स' आणि 'पेशन्स' बोलताना हुबेहूब सारखे ऐकू येतात. एक आजारी माणसं, दुसरं धीर. इथे कान काही मदत करत नाही, वाक्यच बघावं लागतं.


सदरची अभ्यासिका

सर, आदरानं थोडा विरोध नोंदवतो. मी स्पर्धा परीक्षा देतो. आमच्या पेपरात नस आणि फ्रेट येत नाही, प्रिन्सिपल आणि स्टेशनरीच येतं. काउन्सिल-काउन्सेल, कॉम्प्लिमेंट-कॉम्प्लिमेंट, पर्सनल-पर्सनेल, मॉरल-मोराल, हे सगळं जोडीनं पाठ केल्याशिवाय मार्क मिळत नाहीत. तुम्ही यादीला कमी लेखलं तर आमच्यासारख्या मुलांनी काय करायचं? मी रोज जोड्या लिहून काढतो, तरी परीक्षेच्या हॉलमध्ये कोणता कोणता हे उलटं होतं, हेही खरं आहे.


अजनीकर

विरोध रास्त आहे, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यातच त्याचं उत्तर आहे. जोडी एकाच दिवशी, एकाच ओळीत पाठ केली की दोन्ही शब्द डोक्यात एकत्र बसतात आणि मग कोणता कोणता ते सुटत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंग्रह शिकण्या-शिकवण्यावर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक. जवळचे शब्द पहिल्यांदाच एकत्र शिकवू नयेत, ते एकमेकांत मिसळतात, असं त्यांनी सातत्यानं मांडलं आहे. १९९० च्या दशकात टिंकहॅम आणि वॉरिंग यांच्या प्रयोगांतही अर्थानं जवळच्या शब्दांचे गट शिकायला जास्त वेळ लागतो असं दिसलं होतं. तेव्हा यादी टाकू नका, ती फोडा. या आठवड्यात एकच शब्द घ्या, तो वाक्यात घालून पक्का करा. त्याचा जोडीदार नंतर आणा.

प्रिन्सिपल पी-ए-एल घ्या आधी. मुख्याध्यापक झाले, पण त्याचा नाम म्हणून दुसरा अर्थ जास्त कामाचा: कर्जातलं मुद्दल. मुख्याध्यापक शाळेत मुख्य, मुद्दल कर्जात मुख्य. 'मुख्य' हा एकच धागा. बँकेच्या हप्त्याच्या तक्त्यात हा रकाना रोज दिसतो, तिथे बघून अक्षरं पक्की होतात. तो पक्का झाला की पी-एल-ई वाला आपोआप 'तत्त्व' म्हणून उरतो.

स्टेशनरीची गोष्ट मला फार आवडते. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते फिरून माल विकायचे. पुस्तकं विकणारे मात्र विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून बसायचे, म्हणून त्यांना स्टेशनर म्हणू लागले. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. म्हणजे वह्या-पेनांची स्टेशनरी आणि स्थिर अर्थाचं स्टेशनरी मुळात सख्खी भावंडं आहेत. दुकानदार स्टेशनर, ई-आर. त्याचा माल स्टेशनरी, ई-आर-वाय. दुसरं ए-आर-वाय, आणि ते तर नामसुद्धा नाही, विशेषण आहे. पेपरात रिकाम्या जागेनंतर नाम आलंय का एवढं पाहिलं तरी उत्तर सुटतं.

पर्सनेल म्हणजे कर्मचारीवर्ग, जोर शेवटच्या 'नेल'वर. मोराल म्हणजे मनोबल, जोर 'राल'वर. या दोघांना आवाजानं ओळखा, अक्षरानं नको. तुमच्या यादीतला कॉम्प्लिमेंट मात्र आवाजानं सुटत नाही: आय असेल तर स्तुती, ई असेल तर पूरक.

आणि एक शब्द तुमच्या खिशातच आहे. भारतात आपण ब्रिटिश वळणानं लिहितो, म्हणून नाम 'लायसन्स' सी नं आणि क्रियापद एस नं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी-ई आहे आणि ते देणारी लायसन्सिंग ऑथॉरिटी एस नं आहे. एकाच कायद्यात दोन्ही. प्रॅक्टिसचंही हेच. अमेरिकन लोक मात्र लायसन्स दोन्हीकडे एस नं आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सी नं लिहितात, म्हणून मोबाईल कधी कधी आपलं बरोबर असलेलं लाल करून दाखवतो.


सदरची अभ्यासिका

लायसन्स काढून पाहिलं. सी-ई च आहे. आजपासून एकेक शब्द घेतो.


कळमना

आमच्या फळबाजारातले शब्द घ्या. बाहेरच्या पार्टीला मेलवर माल समजावून सांगताना आम्ही फार अडखळतो.

पहिला शब्द खुद्द संत्रा. आपण ऑरेंज म्हणतो आणि नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतो, ते बरोबरच आहे. पण वनस्पतीशास्त्रानं नागपुरी संत्रा हा मँडरिन. साल सैल, हातानं सुटते. विलायती माणूस नुसतं ऑरेंज म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर घट्ट सालीचं, चाकूनं कापायचं फळ असतं. म्हणून कागदावर 'मँडरिन' किंवा 'मँडरिन ऑरेंज' लिहावं. आपली मोसंबी हीच त्यांच्या ऑरेंजच्या जवळची. नागपूरला जी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे तिथेही मोसंबी 'स्वीट ऑरेंज'मध्येच मोडते. दुकानांवर तिला 'स्वीट लाईम' लिहितात, त्यामुळे परदेशी माणूस लिंबू समजतो.

लिंबाचंही ऐका. आपलं कागदी लिंबू म्हणजे लाईम. लेमन म्हणजे जाड सालीचं, मोठं, टोकदार पिवळं फळ. आपण सरबताला लेमन ज्यूस म्हणतो, आत लाईम असतं.

'साल' या शब्दानं तर मला पुष्कळ दिवस छळलं. संत्र्याची साल पील. झाडाची साल बार्क. कलिंगडाची जाड साल राइंड. द्राक्षाची स्किन. दोन फळांची नावं बदलली की शब्द बदलतो. 'फोड' घ्या: संत्रा सोलून जी निसर्गतः सुटते ती सेगमेंट. सफरचंद चाकूनं कापून केली ती स्लाईस. बी म्हणजे सीड, पण संत्र्या-लिंबाच्या बारीक बीला इंग्लंडात पिप म्हणतात आणि आंब्याची कोय स्टोन.

'बाग'सुद्धा. आमची संत्र्याची बाग 'गार्डन' लिहिली की लोकांना बंगल्यापुढचा फुलांचा वाफा दिसतो. फळबाग म्हणजे ऑर्चर्ड. आंबिया बहार आला म्हणतो तेव्हा फुलांना 'फ्लॉवर्स' म्हटलं तरी समजतं, पण फळझाडाच्या फुलोऱ्याला 'ब्लॉसम' हा खास शब्द आहे. झाडाखाली उभं राहिलं आणि तो वास आला की वेगळा शब्द का लागला ते कळतं.


गोंदियाकर

आमच्याकडे उलटं. शेतात धान, गिरणीतून आल्यावर तांदूळ, शिजला की भात. इंग्रजीत शेवटच्या दोघांना राईसच. धानाला तेवढा पॅडी हा शब्द आहे, तो मलयमधून इंग्रजीत गेला. व्यापाऱ्याशी बोलताना पॅडीचा भाव आणि राईसचा भाव यात गल्लत झाली तर नुकसान मोठं, म्हणून लिहिलं.


न्यू जर्सीतली नागपूरकर

धागा वाचून राहवलं नाही. इथे आल्यावर मला सगळ्यात जास्त अडलं ते आपण मराठी म्हणून वापरतो त्या इंग्रजी शब्दांवर.

नागपुरात पत्ता सांगताना लेआउट हा शब्द येतोच. डागा लेआउट, पांडे लेआउट, वर्मा लेआउट. इथे 'माय पेरेंट्स लिव्ह इन अ लेआउट' म्हटलं की समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या लेखी लेआउट म्हणजे आराखडा, मांडणी. वस्तीला इथे नेबरहूड किंवा डेव्हलपमेंट म्हणतात. आपल्याकडे आराखडा मंजूर झाला आणि वस्तीलाच त्याचं नाव पडलं.

ट्यूशन म्हणजे आपल्याकडे शिकवणी. इथे ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी. 'हाऊ मच इज युवर ट्यूशन' असं विचारलं तर शिकवणीचे तास सांगू नका. शिकवणीला ट्युटरिंग. हॉटेल म्हणजे राहायची जागा, नुसतं जेवायला जातो ते रेस्टॉरंट. पार्सल म्हणजे टपालानं येणारं पुडकं, जेवण बांधून घ्यायचं ते टेकआउट. 'लाइट गेली' याचं 'द लाइट वेंट' करू नका, गेली ती पॉवर.

नवीन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते की जो इंग्रजी शब्द आजीसुद्धा वापरते तो एकदा तपासून घ्या.


खामला

न्यू जर्सीच्या ताईंचं समजलं, पण एक गोष्ट मनाला लागते. हॉटेल, ट्यूशन, पार्सल हे आपण चुकीचं वापरतो असा सूर नको. इतकी वर्षं इतके लोक वापरतात तर ती आपली इंग्रजी झाली. मुलांना प्रत्येक शब्दागणिक 'हे चूक, ते चूक' म्हटलं की ती तोंडच उघडत नाहीत. माझ्या मुलीचं असं झालेलं मी पाहिलं आहे.


अजनीकर

खामला, तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि ताईंशीही. धंतोलीत 'हॉटेलात जेवलो' म्हटलं तर कुणाचा गैरसमज होत नाही, मग ते चूक कसलं? ऐकणारा कोण यावर ठरतं. नागपुरातल्या नागपुरात बोलताना मी कधीच टोकत नाही. नस आणि कन्साइनीसारखे शब्द मात्र टोकतोच, कारण तिथे माणसाच्या जिवाला किंवा पैशाला धक्का लागतो. मुलीला सांगा, आधी बोल. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर दुसरा शब्द शोधायचा.


मेडिकल चौक

एक राहिलं. 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हाइसेस', 'इक्विपमेंट्स' हे आमच्या बॅचमध्ये सगळेच म्हणतात. मराठीत दोन सल्ले दिले म्हणता येतं, मग इंग्रजीत का नाही?


अजनीकर

इंग्रजीत ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, न्यूज हे शब्द पाण्याच्या रांगेत बसवलेले आहेत. पाणी मोजत नाही, ग्लास मोजतो. म्हणून दोन सल्ले म्हणजे 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. सल्ला देणे या क्रियापदात शेवटचा आवाज झ होतो, ॲडव्हाइझ, नामात स. केस म्हणजे 'हेअर', डोक्यावरचे सगळे एकवचनात. जेवणात सापडले तर मात्र 'टू हेअर्स', कारण तिथे मोजतो.

उलटही असतं. आपला चष्मा एक, कात्री एक, पँट एक. इंग्रजीत स्पेक्टॅकल्स, सिझर्स, ट्राउझर्स, तिन्ही अनेकवचनी. ऑपरेशन थिएटरमध्ये कात्री मागताना 'दीज सिझर्स', 'धिस सिझर' नाही. आणि 'पोलीस' नेहमी अनेकवचनी: द पोलीस आर कमिंग.


ताडोबा-पेंच टॅक्सी

नमस्कार. नागपूर विमानतळावरून पाहुण्यांना पेंच, ताडोब्याला नेतो. आमच्या लाईनमध्ये सगळ्यांनाच कस्टमर म्हणतात. परवा एका बाईंनी हसून 'आय ॲम युवर पॅसेंजर' म्हटलं. यात काय फरक आहे? आणि रिसॉर्टवाले गेस्ट म्हणतात, वकील क्लायंट म्हणतात. आपल्याला सगळे गिऱ्हाईकच.


अजनीकर

दादा, नातं कशाचं आहे ते बघा. वस्तू विकत घेतो तो कस्टमर. वकील, सीए, आर्किटेक्ट यांच्या ज्ञानाचे पैसे देतो तो क्लायंट. मुक्कामाला असतो तो गेस्ट. गाडीत बसलेला पॅसेंजर. तुमची गाडी बुक करताना बाई कस्टमरच होत्या, दार लावून बसल्या की पॅसेंजर. जंगलाच्या गेटवर उतरल्यावर व्हिजिटर किंवा टुरिस्ट, आणि रात्री रिसॉर्टवर गेस्ट. तुम्ही बोलताना 'माय गेस्ट्स' म्हणा, ते कुणालाही आवडतं.

जंगलाबद्दल एक शब्द तुमच्या रोजच्या उपयोगाचा: वाघाच्या पंजाचा ठसा पगमार्क. हा आपल्याच बाजूचा 'पग', म्हणजे पाऊल, इंग्रजीत जाऊन बसलेला. माणसाच्या पावलाचा फूटप्रिंट. आणि गाडीच्या चाकोरीला ट्रॅक म्हणतात, जनावराच्या पायवाटेला ट्रेल.


ताडोबा-पेंच टॅक्सी

पगमार्क माहीत होता, आपला आहे हे माहीत नव्हतं. उद्या पहाटे चारला दोन गेस्ट्स आहेत, उमरेड-कऱ्हांडल्याला. ट्रेल आणि ट्रॅक वापरून पाहतो आणि कसं झालं ते इथे लिहितो.